हनुवटीवरील राठ केस कायमचे काढता येतात का?

प्रश्न : खानापूर तालुका

माझे वय २७ असून मी मराठी शाळेत शिकवते. एकोणिसाव्या वर्षापासून हनुवटीवर आणि जबड्याखाली राठ, काळे केस येतात. दर आठ दिवसांनी दोरा फिरवून घेते. तरी चौथ्या दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता हात सहज हनुवटीकडे गेला, की खुंट बोटाला टोचतात आणि वर्गाकडे वळताना ओढणी नकळत वर ओढली जाते. उपटून उपटून तिथे काळपट डागही पडले आहेत. बेळगावातील एका पार्लरने ‘सहा सिटिंगमध्ये केस कायमचे जातील’ असे सांगून लेझरसाठी आगाऊ पैसे मागितले. सहीसाठी पुढे केलेला कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, पण तसला मजकूर नीट उमगत नाही, म्हणून सही न करताच परत आले. कायमचा उपाय खरोखर आहे का, आणि तो कोणाकडून करून घ्यावा, हे कृपया सांगावे.

उत्तर : शहापूर, बेळगाव

ताई, सही केली नाहीत हे फार चांगले झाले. मी अशाच एका ठिकाणी केली होती. तिसऱ्या सिटिंगला यंत्राचा जोर वाढवला गेला आणि जबड्यावर भाजल्याचे चौकोनी चट्टे उठले, ते फिके व्हायला सात-आठ महिने लागले. नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तर त्यांनी आधी पाळीबद्दल विचारले. ती दोन-दोन महिने चुकत होती, हे तोवर मला कोणी विचारलेच नव्हते. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीनंतर पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) बिघाड, निघाले. त्यावर औषधे सुरू झाली आणि मगच लेझर. गार जेल लावतात, रबरबँडचा फटका बसावा तसे चटके बसतात आणि केस जळल्याचा वास येतो. दहा-बारा दिवसांनी तोंड पुसताना मिरपुडीसारखे काळे कण टॉवेलवर दिसू लागले, तेव्हा मला रडू आवरले नाही. आठ सिटिंगमध्ये बहुतेक केस गेले, उरले ते मऊ झाले. तरीही वर्षातून दोनदा जावे लागते.

उत्तर : निपाणी

मी त्वचारोग विभागात डॉक्टर आहे. लेझरचा प्रकाश केसातील काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो आणि त्या उष्णतेने मूळ भाजते. मात्र त्या वेळी वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच त्याचा नीट परिणाम होतो, आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात. आपल्या सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असल्यामुळे चुकीच्या मात्रेने त्वचाच भाजते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर अशा त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित असतो; तेव्हा यंत्र कोणते, हे जरूर विचारा आणि आधी थोड्याशा जागेवर चाचणी घ्यायला सांगा.

‘कायमचे’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहा. अमेरिकेचे औषध नियामक खाते लेझरला ‘केस कायमचे कमी करणे’ एवढेच म्हणू देते. ‘कायमचे काढणे’ हे शब्द इलेक्ट्रोलिसिसपुरते आहेत. त्यात बारीक सुई प्रत्येक केसाच्या मुळाशी घालून विजेने ते मूळ नष्ट करतात. पापणीचे आत वळलेले केस काढण्यासाठी १८७५ साली एका अमेरिकन नेत्रवैद्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. एकेक केस घ्यावा लागत असल्याने वेळ फार जातो, पण लेझरला दाद न देणाऱ्या पांढऱ्या केसांवरही ती चालते.

तरी पहिले पाऊल तपासणीचेच. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे रक्तातील प्रमाण तपासून घ्या. मूळ कारण तसेच राहिले, तर नवे केस येतच राहतात. औषधांचा गुण दिसायला निदान सहा महिने लागतात आणि त्यातील काही गोळ्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, म्हणून लग्नाचा किंवा मुलाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. केस अचानक झपाट्याने वाढू लागले किंवा आवाज घोगरा झाला, तर मात्र दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा. सहीचा कागद मराठीत समजावून मागण्यात संकोच कसला? तो तुमचा हक्क आहे.

प्रश्नकर्ती

आपण दोघींनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. माझीही पाळी अनियमित आहे, पण त्याचा आणि केसांचा संबंध असेल असे कधी वाटले नव्हते. लेझर ठरलेच, तर आधी दोरा बंद करावा लागतो असे ऐकले. मग तोवर शाळेत कसे जायचे?

उत्तर : निपाणी

महिनाभर दोरा, वॅक्स, चिमटा सगळे बंद ठेवा, कारण मूळ उपटले गेले तर लेझरला धरायला काही उरत नाही. वस्तऱ्याने किंवा चेहऱ्याच्या छोट्या रेझरने केस काढलेले चालतात. त्याने केस जाड होतात ही समजूत खरी नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते हाताला जाड लागते, एवढेच. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, डागही हळूहळू फिके होतील.