स्त्रीवादी डिस्टोपिया (भविष्यातल्या भयाण समाजाच्या कादंबऱ्या): सगळं बिघडत जाण्याचा काळ कोणी लिहिलाय का?

खतावणी
मार्गारेट ॲटवूडची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) नुकतीच संपवली. अमेरिकेत धर्मांध राजवट येते आणि बायकांचे हक्क काढून घेते, अशी ती कादंबरी. लाल झगे, पांढऱ्या टोप्या, बायकांवर मूल लादण्याचा तो विधी हे सगळं मालिकेमुळे माहीत होतं, त्यामुळे फारसं हललं नाही. हादरले ते एका साध्या प्रसंगाने. नायिका सिगारेट घ्यायला दुकानात जाते आणि तिचं कार्डच चालत नाही. त्याच दिवशी नोकरी जाते. बायकांचे पैसे आता नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात. नवरा म्हणतो, मी आहे ना. आणि तिच्या लक्षात येतं, याला हे तितकंसं खुपत नाहीये.

मी हिशेबाच्या कामात आहे, म्हणून असेल, पण मी तिथेच अडकले. मग घरचं तपासलं. माझ्या पगाराच्या खात्याचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो! कट वगैरे काही नाही, खातं उघडलं तेव्हा माझा फोन बिघडलेला होता, एवढंच.

बहुतेक कादंबऱ्या नवं राज्य स्थिरावल्यावर सुरू होतात. मधला काळ, अर्ज आणि परिपत्रकांसकट, कोणी नीट लिहिलाय का? 'व्हॉक्स' ही कादंबरी सुचवू नका. बायकांना बोलायला दिवसाला शंभर शब्दांची मर्यादा ही कल्पना झकास, पण पुढे नुसती पळापळ.

मधलंपान
ऑक्टेव्हिया बटलर, 'पॅरेबल ऑफ द सोअर' (१९९३). गोष्ट २०२४ मध्ये सुरू होते. रातोरात कोणी सत्ता बळकावत नाही. पाणी महागतं, पोलीस फी घेऊन येतात, एक कंपनी अख्खं गाव ताब्यात घेते. नायिका उत्तरेकडे निघते ती पुरुषाच्या वेशात. परिपत्रकं फारशी नाहीत, पण काळ तुम्हाला हवा तोच.

जुनाट_वाचक
तो कार्डाचा प्रसंग भविष्यातला वाटला असेल तर तारखा बघा. फ्रान्समध्ये विवाहितेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता यायला लागलं १९६५ मध्ये. कर्ज देताना बाई म्हणून किंवा लग्न झालंय-नाही यावरून भेदभाव करायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली १९७४ मध्ये. म्हणजे १९८५ च्या कित्येक वाचक बायकांनी ते दिवस स्वतः काढले होते. कुठेच कधी घडलं नाही असं काही घालायचं नाही, हा ॲटवूडबाईंचा नियमच होता. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमेनियात १९६६ पासून १९८९ पर्यंत गर्भपातावर जवळपास सरसकट बंदी होती. ऐंशीच्या दशकात तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या तपासण्या व्हायच्या. मी हल्ली कादंबऱ्यांऐवजी असला इतिहासच वाचतो. झोप तितकीच उडते.

उलटतपासणी
मला ॲटवूडचं पुस्तक आवडतं, तरी एक गोष्ट खटकतेच. मूल हिरावणं, वाचायला बंदी, मालकाने दिलेलं नाव: अमेरिकेत गुलाम कृष्णवर्णीय बायकांनी हे सगळं भोगलंय. कादंबरी मात्र कृष्णवर्णीयांना दूर कुठेतरी वसवल्याची बातमी ऐकवून मोकळी होते. तुमचा 'मधला काळ' ज्यांच्याकडे आधी काही होतं त्यांचाच असतो.

असो. परिपत्रक हवंय ना? रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' वाचा. १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये इंग्रजीतून आलेली कथा. युद्ध हरत आल्यावर पुरुष निमूटपणे पडद्यात जातात, कारण देशाची अब्रू वाचवायची असते. बायका सूर्याच्या उष्णतेने शत्रूला पळवून लावतात. मग पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी कळवतात, लष्करवाल्यांची चूक असेल, आम्ही कामात कसूर केली नाही, आम्हाला परत घ्या. राणी परिपत्रक काढते: गरज लागली तर बोलावू, तोवर आहात तिथेच राहा.

खतावणी
'सुलतानाज ड्रीम' कालच वाचली, एका बैठकीत वाचून होते. दंडाधिकाऱ्यांचा तो विनंतीअर्ज म्हणजे कमाल! गंमत अशी, की राणीचा कारभार वाचताना मी खुदुखुदु हसत होते. ॲटवूडच्या कादंबरीतही राज्यघटना गुंडाळतात तेव्हा हे तात्पुरतंच आहे असं सांगतात, तिथे घाम फुटला होता. इथे हसू का आलं याचा विचार करतेय. 'आधी काही होतं त्यांचाच' हे मात्र पूर्ण पटलं नाही. ज्यांच्याकडे थोडंसंच होतं, त्यांचंही जातंच की. बटलर मागवलीय. जुनाट_वाचक, रोमेनियावर कादंबरी माहीत असेल तर सांगा, अहवाल मी दिवसभर वाचतेच.