माणूस आणि जिवाणू: जनुकांची देवाणघेवाण की दूषित नमुने?

जनुकवेध:
परमा (गनोरिया हा लैंगिक आजार) ज्यामुळे होतो त्या नायसेरिया गोनोरिया जिवाणूच्या काही वाणांत माणसाच्या एल-1 या उड्या मारणाऱ्या डीएनएचा 685 बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये तो दाखवला. तपासलेल्या वाणांपैकी सुमारे 11 टक्क्यांत होता. उलट दिशेला, आपल्या डोळ्यात रेटिनॉइडची (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूंची) ने-आण करणाऱ्या आयआरबीपी प्रथिनाचं जनुक सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी जिवाणूकडून आलं, असं 2023 चं विश्लेषण सांगतं. तरी अशा देवाणघेवाणीचा प्रत्येक नवा दावा 'नमुना दूषित' म्हणून बाजूला सारला जातो. हे मला पटत नाही.

काचपट्टी:
बाजूला सारत नाहीत, तपासतात, आणि तपासात बहुतेक दावे गळतात. 2001 च्या मानवी जीनोमच्या (संपूर्ण डीएनएच्या) मसुद्यात 223 प्रथिनं जिवाणूंकडून आल्याची शक्यता मांडली होती. साल्झबर्ग या संशोधकाने व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी तुलनेत आणखी प्राणी घेतले आणि आकडा 40 च्या आसपास उतरला. जनुक माशीत नाही, कृमीत नाही, म्हणून ते जिवाणूकडून आलं असं होत नाही. त्या दोघांनी ते गमावलेलंही असतं. 2015 मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याचा सहावा हिस्सा डीएनए परका असल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या गटाने त्याच प्रजातीचा जीनोम जुळवला तेव्हा त्यातला बराचसा सोबत आलेल्या जिवाणूंचा निघाला.

जनुकवेध:
मग परम्याचं उदाहरणही दूषितच म्हणाल?

गाळणी:
नाही, ते टिकतं. सार्वजनिक डेटाबेसमधल्या कितीतरी जिवाणू जीनोममध्ये माणसाचा डीएनए चुकून मिसळलेला आहे, म्हणून नुसत्या डेटाबेसमधल्या जुळणीवर विसंबणं धोक्याचं. इथे मात्र सदर्न ब्लॉटने (डीएनएतला ठरावीक तुकडा थेट शोधणाऱ्या चाचणीने) तुकडा गुणसूत्रातच असल्याचं दिसलं. आयआरबीपीचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे: तिथे वंशवृक्षात पृष्ठवंशीयांची फांदी जिवाणूंच्या पेप्टिडेजांमध्ये (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांमध्ये) बसते. दोन्ही दिशांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

काचपट्टी:
मान्य. माझा खरा आक्षेप कर्करोगाच्या पेशींच्या डीएनएत जिवाणूंचा डीएनए शिरल्याच्या दाव्यांवर आहे. लायब्ररी करताना, म्हणजे डीएनए वाचनासाठी तयार करताना, लायगेशन (तुकडे जोडणं) किंवा पीसीआरमध्ये (प्रती वाढवणं) दोन असंबद्ध तुकडे चिकटतात आणि माणूस-जिवाणू डीएनएचा खोटा सांधा तयार होतो. म्हणून एकाच रीड-जोडीवर (एका तुकड्याच्या दोन टोकांच्या वाचनावर) उभा असलेला सांधा मी पुरावा मानत नाही. दोन्ही टोकांचा मानवी डीएनए ओलांडणारा लांब रीड हवा, त्याच नमुन्यातून नव्याने काढलेल्या डीएनएवर सांध्याचा पीसीआर हवा, आणि नमुना न घालता चालवलेला कोरा नियंत्रण-प्रयोग हवा. कोऱ्यातही तोच जिवाणू आला तर तो अभिकर्मकांतला (प्रयोगात वापरलेल्या रसायनांतला).

जनुकवेध:
शरीरपेशींत शिरकाव दुर्मीळच असणार. शंभरातल्या एखाद्या पेशीत घडलं तर लांब रीडच्या हाती ते लागणारच नाही. बार्टोनेला हेन्सेले हा जिवाणू मानवी पेशीत डीएनए पोहोचवू शकतो, हे 2011 मध्ये प्रयोगशाळेत दिसलंय. यंत्रणा आहे तर शोध बंद करू नका.

गाळणी:
शोध चालू राहावाच. पण गाठ एका पेशीपासून वाढते. शिरकावाने ती सुरू झाली असेल तर तोच सांधा गाठीच्या बहुतेक पेशींत, त्याच बेसवर दिसायला हवा. शंभरात एकीतच असेल तर तो गाठ वाढू लागल्यानंतर आलेला असतो आणि त्याला कारण म्हणता येत नाही. त्याच रुग्णाच्या रक्ताचा नमुनाही सोबत वाचा, म्हणजे जन्मजात सांधे आधीच वगळता येतील.

जनुकवेध:
'बहुतेक पेशींत' ही अट कारण ठरवण्यासाठी मान्य. शिरकाव घडला की नाही, एवढंच विचारायचं तर ती लावू नका.