तृतीय पक्ष, त्रयस्थ की तिऱ्हाईत?

वास्कोकर: शेजारच्या तारवटीचा (जहाजावरच्या खलाशाचा) नोकरीचा करार मराठीत करून देतोय. कंपनी जहाजाची, कायदा इंग्लंडचा. एक कलम असं, की करारात नसलेल्याला त्यातल्या अटी बजावून घेता येणार नाहीत. मी 'तृतीय पक्ष' लिहिलं. त्याच्या पगारातला हिस्सा दरमहा परस्पर बायकोच्या खात्यात जातो. ती म्हणते, "मी कसला पक्ष?" 'त्रयस्थ' करू?

फोंडेकर: नको! त्रयस्थ म्हणजे ज्याचं देणंघेणं नाही तो. हिची तर चूल त्यावर पेटते. 'तिऱ्हाईत' करा.

डिचोलीकर: बायको तिऱ्हाईत? घरी मोठ्याने वाचून दाखवा आधी.

मडगावकर: 'लाभार्थी'?

डिचोलीकर: लाभार्थी उभी असते ती 'गृह आधार' या सरकारी योजनेच्या रांगेत.

म्हापसेकर: कोर्टात उमेदवारी केलीय म्हणून सांगतो. १९९९च्या इंग्लंडच्या कायद्याने, जिच्या फायद्यासाठी अट आहे तिला करारात नसतानाही ती मागता येते. नोकरीच्या करारात फक्त नोकराला कवच आहे, बाहेरचा त्याच्यावर अट लादू शकत नाही. मालकाला तसं कवच नाही, म्हणून कंपन्या हे कलम स्वतःच घालतात. आपल्या १८७२च्या करार कायद्यात असा सरळ हक्क नाही, अपवाद कोर्टांनी केले. १९१०मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापुढे, एक सून जिंकली. सासऱ्याने व्याह्याला कबूल केलं होतं, सुनेला महिना ५०० रुपये 'खर्च-इ-पानदान', म्हणजे हातखर्च, देईन. करार करणाऱ्यांत ती नव्हती.

डिचोलीकर: पानदानखर्च! काय शब्द आहे. आमची आजी 'चोळीबांगडीचे पैसे' म्हणायची.

फोंडेकर: फारसी शब्दाचं एवढं कौतुक, आणि तिऱ्हाईत खुपतो?

म्हापसेकर: 'करार' तरी कुठला हो? अरबीतून आलेला. आणि वास्कोकर, 'बजावणे' जपून. नोटीस बजावतात, हुकूमनाम्याची बजावणी होते. इथे 'अट पाळायला लावणे' बरं.

फोंडेकर: पाळायला गाय-म्हैस आहे का ती? 'बजावून घेणे' उत्तम आहे.

मडगावकर: सोपं करा, 'तिसऱ्यांचे हक्क'.

डिचोलीकर: गोव्यात? इथे तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या. लोक विचारतील, सुकं करायचं की एकशिपी!

वास्कोकर: मंडळी, कलमाचं काय करू? उद्या द्यायचंय.

मडगावकर: एकशिपी खुब्यांचीसुद्धा होते का?

फोंडेकर: खुबे वेगळे, तिसऱ्या वेगळ्या. यावर स्वतंत्र धागा काढा.