सांधे धरलेत, रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा म्हणतायत, हे कशाचे डॉक्टर?

गुहागरवाली: आईची (वय ५४) दोन्ही हातांची बोटं सकाळी एवढी आखडतात की नारळ खवायला विळीवर बसली तर वाटी धरवत नाही, तास-दीड तासाने जरा सुटतात. पेरं पण सुजलीयेत. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तो नॉर्मल, रक्तातला आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, आता म्हणतात रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. ऑपरेशन सांगतील का? शेजारची काकू म्हणते वाताच्या पुड्या आण, आठवड्यात फरक पडतो. काय करू?

चिपळूणचा_दादा: ताई, ऑपरेशनवाले ते हाडांचे डॉक्टर. हे औषधं देणारे, सांधेवाताचे. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए), लुपस, गाऊट, सोरायसिसवाल्यांची सांधेदुखी, तरण्या पोरांची कंबर पहाटे धरते आणि चाललं-फिरलं की सुटते तो अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, सगळं त्यांच्याकडे. यातल्या बऱ्याच आजारांत आपली प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते, कधी डोळे, फुफ्फुसं, किडनीवर पण. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतोच, आणि नुसत्या आरए फॅक्टरवरून आमवात ठरत नाही, धडधाकट माणसातही तो पॉझिटिव्ह येतो. ते सांधे दाबून बघतील, अँटी-सीसीपी, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या सांगतील. चिकनगुनिया झालेला का तेही विचारतील, त्याने पण महिनोन् महिने सांधे धरतात.

कुडाळची_वैनी: पुड्या अजिबात नको गो बाय! त्यात स्टेरॉइड असलं तर दुखणं थांबतं पण सांधे आतून खराब होतच राहतात, वर शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मला आमवात आहे, मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. आईला ती दिली तर नीट लक्ष ठेव, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. मी कॅलेंडरवर रविवारला गोल करून ठेवते, फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. मधूनमधून रक्त तपासायचं, लिव्हरसाठी. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, धीर सोडू नको.

गुहागरवाली: थँक्यू वैनी. पावसाळ्यात ताप आलेला तिला, कागद आहेत. आणि मासे बंद करायचे का, घरात सगळे तेच म्हणतायत?

चिपळूणचा_दादा: ते गाऊटमध्ये, युरिक ॲसिड वाढलं की तारली, बांगडा, कोळंबी कमी करायला सांगतात. आमवातात तशी गरज नाही, जेवू दे त्यांना व्यवस्थित. कोल्हापूर बरं पडतं की मुंबई ते बघा पण पुढे ढकलू नका, पहिल्या काही महिन्यांत औषध चालू झालं तर बोटं वाकडी व्हायची टळू शकतात. तापाचे कागद न्या, आणि सकाळी सूज असेल तेव्हाच बोटांचे फोटो काढून ठेवा, ओपीडीत नंबर लागेपर्यंत ती बरीच उतरलेली असते.