नागावचं घर सजवायचंय, आयडिया द्या

नेरूळकर: राहतो नेरूळला, पण नागावला बीचजवळ बाबांचं जुनं कौलारू घर आहे ते आता नीट सजवायचंय, बायको म्हणते निळा-पांढरा रंग, शिंपल्यांच्या माळा, मला ते रिसॉर्टसारखं वाटतं. काय करू?

ठाण्याची मावशी: शिंपले नकोच हो! भिंती जांभ्याच्या असतील तर उघड्या ठेवा, ओटीवर झोपाळा टांगा आणि सावंतवाडीची लाकडी फळं परडीत, झालं.

सुतारपक्षी: झोपाळ्याच्या कड्या लोखंडी नको, खारी हवा खाते. ३१६ ग्रेडचं स्टील घ्या, महाग पण टिकतं. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर पावसाळ्यात फुगतंच, सागवान किंवा मरीन प्लाय बघा.

नेरूळकर: जांभाच आहे, पण वर आत्याने ऑइलपेंट मारून ठेवलाय 😅

सुतारपक्षी: अरेरे. रिमूव्हर लावून नायलॉनच्या ब्रशने हळूहळू काढा, ग्राइंडर अजिबात नको, जांभा मऊ असतो, भुगा होईल.