जर्मनीत अडकलेले .२२ चे राऊंड – नेमका परवाना कोणाचा अडलाय?

म्हापशेकर_बाबा:
नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो. माझी मुलगी आधी १० मीटर एअर रायफल मारायची, गेल्या वर्षापासून ५० मीटर थ्री पोझिशनला गेलीय. एअर रायफलचं बरं होतं, छऱ्यांचे डबे आणायचे आणि मारत बसायचं, कोण विचारत नव्हतं. आता .२२ बोरची, काडतुसाची रायफल आली आणि घरात रोज कागदच कागद. क्लबने डीलरकडून जर्मनीला १० हजार राऊंडची, म्हणजे काडतुसांची, ऑर्डर टाकली, ॲडव्हान्स गेला, आपल्याकडची आयातीची परवानगीपण हातात आली, मला वाटलं झालं. तर तिकडून मेल, माल पॅक करून गोडाऊनमध्ये आहे पण त्यांच्या सरकारचा एक्सपोर्ट परवाना आला नाही म्हणून हलवता येत नाही. तीन महिने झाले. आपल्या परवान्यावर मुदत लिहिलेली आहे, ती इकडे संपत चाललीय आणि पोरगी सरावाला मोजून राऊंड मारतेय, २० निलिंग (गुडघ्यावर), २० प्रोन (पालथं पडून), २० स्टँडिंग (उभं राहून), बस्स, गन साफ करून घरी. माझं स्वतःचं स्पोर्ट्सचं छोटं दुकान आहे, त्यातही हाच ताप. एका गिऱ्हाईकाच्या पिस्तुलाला ४० डॉलरची एक स्प्रिंग पाहिजे होती, अमेरिकेतला दुकानवाला म्हणतो इंडियाला पाठवत नाही. स्प्रिंग हो, बंदूक नाही! कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, अडवतंय कोण, आपलं सरकार की त्यांचं?

वास्को_क्लिअरिंग:
भाई, दोघंही, आणि एकामागून एक. पंचवीस वर्षं मुरगाव पोर्ट आणि दाबोळीला कागद फिरवतोय म्हणून सांगतो. युरोपियन युनियनचा २०१२ चा २५८ नंबरचा नियम आहे, सिव्हिलियन बंदुका आणि ॲम्युनिशन बाहेर पाठवण्याचा. त्यात स्पष्ट आहे की घेणाऱ्या देशाने आयातीला परवानगी दिलीय हे आधी बघायचं, मगच एक्सपोर्टचा परवाना द्यायचा. म्हणजे आपला कागद आधी, त्यांचा नंतर, उलट होत नाही. जर्मनीत हे काम बाफा करतं, म्हणजे त्यांचं एक्सपोर्ट परवान्यांचं सरकारी खातं, एश्बोर्नला ऑफिस आहे. मुदत ६० कामाचे दिवस, खास कारण असेल तर ९०. शनिवार-रविवार धरत नाहीत, म्हणजे ६० दिवसांचेच बारा आठवडे झाले. आणि हा काटा ऑर्डर टाकल्यापासून फिरत नाही हां, सगळी माहिती त्यांच्याकडे पुरी पोचली त्या दिवसापासून फिरतो. तुमचं एंड यूजर सर्टिफिकेट, म्हणजे हा माल आम्हीच वापरणार पुढे कोणाला देणार नाही हे सही-शिक्क्याचं पत्र, ओरिजिनल गेलं का स्कॅन? बहुतेक जण इथेच मार खातात. स्कॅन मेल करून तीन महिने मोजत बसतात आणि तिकडे काटा सुरूच झालेला नसतो.

एअर रायफलला हे का जाणवलं नाही, तर त्या नियमात बंदूक म्हणजे दारूच्या जोरावर गोळी फेकणारी, हवेवरची त्यात येतच नाही. आपल्याकडेपण २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये २० जूलपर्यंतच्या .१७७ एअरगनला लायसन लागत नाही, मॅच रायफल तर साडेसात जूलच्या आसपास असते. पोरगी ४० मीटर मागे सरकली आणि तुम्ही वेगळ्या कायद्यात गेलात, एवढंच झालंय.

पन्हाळा_थ्रीपी:
काका, मी कोल्हापूरचा, २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मारलं तेव्हापासून आमच्याकडं रेंजवर पोरांची लय गर्दी आहे, आणि राऊंडची बोंब तेवढीच. कोण सांगेल की स्पर्धेला युरोपात जाशील तेव्हा तिथंच विकत घे आणि बॅगेत टाकून आण, ते ऐकू नका. खेळाडूसाठी तिकडं सोपी पद्धत आहे, पण ती तुम्ही सोबत नेलेली गन आणि उरलेले राऊंड परत आणायला. तिथं विकत घेतलेला माल घरी आणणं म्हणजे सरळ एक्सपोर्ट, त्याला पूर्ण परवाना. शिवाय विमानात एका माणसाला ५ किलोच ॲमो चालतं, तेही चेक-इनमध्ये आणि एअरलाइनला आधी कळवून. ५०० राऊंडचा एक खोका, ब्रिक म्हणतात त्याला, पावणेदोन किलोच्या आसपास भरते, मग हिशेब करा. आमच्यातल्या एकाला परतीच्या काउंटरवर सगळं खाली काढून वजन करायला लावलं होतं, मागं लाईन लागलेली, आणि ह्यो एकेक डबी काट्यावर ठेवतोय.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे, लॉट, म्हणजे फॅक्टरीत एका वेळी बनलेला काडतुसांचा घाणा. प्रत्येक बॅरलला एखादाच लॉट बसतो. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा राऊंड, लॉट बदलला की ग्रुप उघडतो, म्हणजे गोळ्या पांगून लागतात, दहाच्या आत बसणारे शॉट नऊला जातात. चांगले नेमबाज गन घेऊन फॅक्टरीच्या टनेलला, म्हणजे चाचणीच्या बंद रेंजला जातात, गन शिकंज्यात घट्ट बसवून दहा-बारा लॉट मारून बघतात आणि त्यातला एक बुक करतात. परवाना यायला चार महिने लागले तर तो लॉट तुमच्यासाठी थांबतोय व्हय?

वेर्णा_लेथ:
स्प्रिंगचं मी सांगतो, माझं वेर्ण्याला जॉबवर्क आहे, दोन सीएनसी आणि चार माणसं. अमेरिकेत २०२० च्या मार्चपर्यंत साध्या पिस्तुलाचे पार्टसुद्धा आयटारखाली, म्हणजे त्यांच्या लष्करी मालाच्या एक्सपोर्टच्या नियमाखाली होते, तोफा-रणगाड्यांच्याच यादीत. जो बनवतो त्याला एक्सपोर्ट करो न करो, परराष्ट्र खात्याकडे नाव नोंदवायला लागायचं आणि वर्षाला २२५० डॉलर भरायचे. गॅरेजमध्ये बसून ट्रिगरचं काम करणारा एकटा माणूस तो खर्च कुठून काढणार, म्हणून तेव्हापासून त्यांची सवयच झाली, परदेश म्हटलं की नाही. ९ मार्च २०२० ला ते बहुतेक सगळं त्यांच्या कॉमर्स खात्याकडे गेलं, तिथे नोंदणीची फी नाही, अर्जालाही पैसे नाहीत. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये ९० दिवसांसाठी म्हणून नवे परवाने थांबवले, २०२४ च्या मे अखेरीपासून कडक नियम आणला, ३६ देश धोक्याच्या यादीत टाकले, चार वर्षांचा परवाना एका वर्षावर आणला, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तेच सगळं मागे घेतलं. आता गंमत बघा, ती ९० दिवसांची बंदी इंडियाला लागूच नव्हती, आणि त्या ३६ मध्येही आपण नाही, पाकिस्तान आणि नेपाळ आहेत. पण छोटा दुकानवाला कुठे एवढं वाचत बसणार, दर दोन वर्षांनी कायदा फिरतोय म्हटल्यावर त्याने वेबसाईटवर सरळ टाकलं, अमेरिकेबाहेर पाठवत नाही. तुमची स्प्रिंग तिथे अडली.

माझ्याकडे उलटं झालं. एका अमेरिकन पार्टीची मेल, ४०० नग, ॲल्युमिनियम, रेट दे. ड्रॉइंग उघडलं, मला वाटलं सायकलचा ब्रॅकेट आहे. खाली टायटल ब्लॉकमध्ये बारीक अक्षरात ओळ होती, ह्या कागदातली तांत्रिक माहिती एक्सपोर्ट कंट्रोलखाली आहे म्हणून. झूम करून तीनदा वाचली. तो ट्रिगर गार्ड होता, बंदुकीच्या घोड्याभोवतीची कडी. त्याला विचारलं, बाबा हे पाठवायचा परवाना आहे का तुझ्याकडे, कारण ड्रॉइंग मेल करणं हासुद्धा एक्सपोर्टच. पठ्ठ्या तीन आठवडे गायब, मग दोन ओळी आल्या, चुकून गेलं, डिलीट कर. आपल्या बाजूनेही मी गोत्यात आलो असतो, कारण आपल्या आर्म्स ॲक्टमध्ये आर्म्स म्हणजे त्याचे पार्टसुद्धा, बनवायला लायसन लागतं, आणि असला माल बाहेर पाठवायचा तर २०१७ पासून स्कोमेट, म्हणजे आपल्या एक्सपोर्ट कंट्रोलच्या, यादीतली सहावी कॅटेगरी आहे, त्याची परवानगी डिफेन्स प्रॉडक्शनकडून. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये किती जणांना हे ठाऊक आहे देव जाणे. रेट मात्र चांगला होता हो, अजून चुटपुट लागते.

सत्तरीचो_शेतकार:
आमच्याकडे बापजाद्यांची एकनळी आहे, रानडुकरं आणि खेती (माकडं) नारळ ठेवत नाहीत म्हणून. इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनात जमा करायची, नेमकी तेव्हाच डुकरं येतात. आमच्या बारा बोरच्या काडतुसांना हे जर्मनीचं लागू होतं काय?

वास्को_क्लिअरिंग:
नाही हो काका, खडकीच्या फॅक्टरीचं काडतूस घेत असाल तर ते देशातलंच, त्यात एक्सपोर्ट कुठून आलं. तुमचं लायसन आणि कलेक्टर, एवढंच. डुकरांना इलेक्शनची तारीख कोण सांगतं ते मात्र शोधायला पाहिजे.

म्हापशेकर_बाबा:
सगळ्यांचे आभार, विशेषतः वास्कोवाल्यांचे. काल डीलरच्या मागे लागून विचारलं तर तुम्ही म्हणालात तस्संच निघालं, सर्टिफिकेट स्कॅन करूनच पाठवलेलं. वर आणखी एक, आपल्या परवान्यावर क्लबचं पूर्ण नाव आणि सर्टिफिकेटवर शॉर्टफॉर्म, त्यांनी विचारलंय ही एकच संस्था का दोन. आज नवीन करून सही-शिक्का मारून कुरियरला टाकलं, म्हणजे काटा आता सुरू होणार. आपल्या परवान्याची मुदत वाढवायचा अर्जही लगेच टाकतोय.

आणि पन्हाळावाले, तुझं तोंड गोड की कडू काय म्हणू, सकाळीच मेल आली, तो लॉट संपला, दुसरा देऊ का विचारतायत. पोरीला विचारलं. ती म्हणते, पप्पा आधी शंभर राऊंड मारून बघायला पाहिजेत. आता ते शंभर आणायला कुठला परवाना काढू?