अनुभव धागा: लॅबमधली पहिली इंटर्नशिप, आणि पुढे मायक्रोबायॉलॉजीत काय झालं?

मंडईची_माती

शेजारची मुलगी एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा संध्याकाळी इंटर्नशिपसाठी पाठवायच्या मेलचा मसुदा घेऊन आली, "काकू, जरा बघता का?" बघितला. हार्डवर्किंग, पॅशनेट, क्विक लर्नर, सगळं होतं. तिला काय करता येतं तेवढंच नव्हतं. म्हटलं, ग्रॅम स्टेनिंग (जीवाणू रंगवून ओळखणं) जमतं ना? प्लेटवर स्ट्रीक करून (रेघा ओढून) जीवाणूंच्या सुट्या कॉलनी (ठिपके) मिळतात? ते लिही की. तर म्हणे, "ते काय, सगळ्यांनाच येतं." नाही गं बाई, येत नाही.

ती गेली आणि मला माझे पुण्यातल्या पाषाण रोडचे दिवस आठवत बसले. नव्वदीतली गोष्ट. मेल वगैरे नव्हतं. फोल्डर काखोटीला मारायचं, एकेका संस्थेच्या गेटवर जायचं, रखवालदार रजिस्टरवर सही घेऊन आत फोन लावणार आणि सांगणार, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." शेवटी एका सरांनी आत बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न माझ्या मार्कांबद्दल नव्हता. "कापसाची बुचं करता येतात का?"

आता सगळं प्लास्टिकच्या निर्जंतुक पाकिटात येतं, त्यामुळे नव्या मुलांना सांगते. काचेच्या पेट्री प्लेट असायच्या. त्या उकळायच्या, घासायच्या, वाळवायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि ओव्हनमध्ये १६० अंशांना दोन तास. कागद तपकिरी होऊन निघायचा आणि खोलीभर त्याचा करपट वास. न शोषणाऱ्या कापसाची बुचं अशी वळायची की ओढल्यावर 'फट्' आवाज आला पाहिजे. सैल बूच दिसलं की सर काही न बोलता ट्यूब परत ठेवायचे. बरेच दिवस माझी सूक्ष्मजीवांशी भेटच झाली नाही, फक्त भांड्यांशी.

मग प्रोजेक्ट मिळालं: मंडईमागच्या कचऱ्याखालच्या मातीतून अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) तयार करणारे जीवाणू शोधायचे. स्टार्च घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) वाढवायचे, वरून आयोडीन ओतायचं. सगळी प्लेट निळीकाळी होते आणि जो जीवाणू स्टार्च खातो त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. पहिलं वर्तुळ दिसलं तेव्हा मी शेजारच्या बाकावरच्या पीएचडीच्या मुलाला ओढत आणलं होतं. त्याने "हं" म्हटलं आणि गेला.

खरा उपयोग वेगळाच झाला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) नीट चालला हे कशावरून सांगाल? बाकीच्यांनी सांगितलं १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. काट्यावर दिसतं ते सगळ्यांनाच पाठ असतं. मी म्हटलं, पुडक्यावरच्या खास टेपवर रेघा उमटल्या तर एवढंच कळतं की पुडक्याला उष्णता लागली. खात्री हवी तर स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जीवाणूच्या बीजाणूंची पट्टी लोडच्या मध्यभागी ठेवा आणि नंतर ५५-६० अंशांना वाढते का बघा. हे पुस्तकातही होतं, पण मी रोज ती पट्टी ठेवत होते म्हणून तोंडातून पटकन निघालं.

तुमचं लिहा. पहिली लॅब, काय करायला लावलं, पैसे मिळाले का, पुढे काय कामाला आलं. भरकटलात तरी चालेल.

गॅसवरकुकर

बुचं!!! ताई डोळ्यात पाणी. आमच्या सरांचा नियम, बुचाला धरून ट्यूब उचलायची. पडली तर बूच नापास.
कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की येते.

तिसरी_शिफ्ट

फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी फार्मा क्यूसीवाला, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणारा. इंटर्न म्हणून लागलो एका इंजेक्शनच्या कंपनीत. वाटलं होतं नवीन जीवाणू बिवाणू शोधू. तिथे तर जीवाणू सापडला की सगळ्यांची झोप उडते. म्हणजे कॉलेजात प्लेटवर काही उगवलं नाही तर मार्क जातात, इथे उगवलं तर चौकशी बसते. हा उलटा हिशोब डोक्यात बसायलाच वेळ लागला.

काम काय तर हवेतलं काय पडतं ते पकडायला सेटल प्लेट ठेवा. उघडी प्लेट जास्तीत जास्त चार तास, मग उचला, इन्क्युबेट करा, मोजा. हात, कपडे, फरशी, भिंत, सगळ्यांचे स्वॅब. स्टेरिलिटी टेस्ट लावली की १४ दिवस ट्यूब बघत बसायचं, गढूळ झाली का, नाही झाली का. आत जायचे कपडे घालायला शिकवतात तेच एक वेगळं शास्त्र आहे. आधी काय, नंतर काय, बाहेरच्या बाजूला बोट लागता कामा नये. मग तुमच्याच ग्लोव्हजची बोटं प्लेटवर टेकवून घेतात. त्यात वाढ दिसली की परत पहिल्यापासून.

आणि लिहिणं. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, हे आमच्या सीनियरने इतक्यांदा ऐकवलं की आता घरी दुधाच्या पिशव्यांचा हिशोबसुद्धा तारीख वेळ सही करून ठेवतो. बायको वैतागते.

एंडोटॉक्सिनच्या (जीवाणूंपासून येणाऱ्या, ताप आणणाऱ्या विषाच्या) टेस्टला लागणारं रसायन खेकड्यासारख्या एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातून येतं, हॉर्सशू क्रॅब. हे कळलं त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली जेवलास का.

शनिवारपेठ_वेस्ट

"जेवलास का" 😂😂 यापुढे सगळे शोध फिके

टीवायची_आई

वाचतेय. मुलगी टीवाय मायक्रोला आहे. एका ठिकाणी महिनाभराची इंटर्नशिप आहे म्हणे, सर्टिफिकेट देतात, पण फी भरायची आहे. आकडा ऐकून यांचा चेहरा उतरला. भरावी का? कोणी सांगेल का प्लीज.

प्लेटवाचक

@टीवायची_आई, ताई स्पष्ट लिहितो, राग नको. फी घेऊन शिकवणं म्हणजे क्लास. क्लास वाईट असतो असं नाही, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नये. मी अशा एका ठिकाणी अडकलो होतो. पंधरा पोरं आणि एक पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारं) मशीन. सर पिपेट दाखवायचे, आम्ही टाचा उंचावून बघायचो. शेवटी रंगीत सर्टिफिकेट. मुलाखतीत "प्रायमर कसे डिझाइन केलेस?" विचारलं तर माझ्याकडे सांगायला काही नाही.

भरण्याआधी तीनच गोष्टी विचारा: मुलगी स्वतःच्या हाताने काय करेल, एका वेळी किती मुलं असतात, आणि आधी करून गेलेल्या कुणाशी बोलू देतात का. तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर राहू द्या.

मंडईची_माती

@टीवायची_आई, मी याच्याशी सहमत, थोडी सौम्यपणे. टीवायला आहे तर कॉलेजच्याच लॅबमध्ये सुट्टीत मीडिया (जीवाणूंचं खाद्य) करायला जाऊ द्या. लॅब अटेंडंट मामा ओरडतील, पण शिकवतील तेच. शिवाय तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, त्यात विद्यावेतन असतं, प्रवासखर्चही. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटाकडे निघतात, तिला आत्तापासून नजर ठेवायला सांगा.

पिंपरीची_कॉलनी

मी स्वतः मायक्रोवाली नाही, कॉमर्स. पण धागा बघून राहवलं नाही. बाबा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ची कंपनी, सरकारी क्षेत्रातला औषधांचा पहिला कारखाना. आम्ही वाढलो तिथल्या कॉलनीत, झाडं काय होती!! बाबा ट्रेनी म्हणून फर्मेंटरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या टाकीवर लागले. रात्रपाळीत टाकीचं तापमान, पीएच, हवा, फेस. फेस वर आला की तेल सोडायचं. बाबा सांगायचे, पेनिसिलिनची बुरशी हवेला हपापलेली असते, हवा थांबली की बॅच गेली. त्यामुळे वीज गेली की अख्खी शिफ्ट पळायची.

आणि एक अभिमानाची गोष्ट. तिथल्याच संशोधकांना मातीतून एक स्ट्रेप्टोमायसेस मिळाला, त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध झालं. त्या जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसेस पिम्प्रिना. आपल्या पिंपरीवरून! शाळेत मी हे सांगितलं तर बाईंना खरं वाटेना.

तिसरी_शिफ्ट

@पिंपरीची_कॉलनी वा!! हॅमायसिन आम्हाला एका ओळीत शिकवलं होतं, पिंपरी कुणी सांगितलीच नाही.

आजची_भाजी

जरा अवांतर. इतके बुरशीवाले एका ठिकाणी सापडलेत म्हणून विचारते. लिंबाच्या लोणच्याला वर पांढरी साय आलीय. काढून टाकून खाऊ का? सासूबाई म्हणतात काही होत नाही.

प्लेटवाचक

सासूबाईंशी कोण वाद घालणार. पण वर दिसतं तेवढंच नसतं, धागे खाली गेलेले असतात. मी टाकून देईन.

गॅसवरकुकर

मी आले. बरणी आधी नीट वाळवली होती का? ओला चमचा?

आजची_भाजी

ओला चमचा यांचाच. नाव घेत नाही.

डासपुराण

आमचं प्रोजेक्ट विषाणूंच्या संस्थेत. बाबांचा एकच प्रश्न, "घरी घेऊन येणार नाहीस ना काही?" त्यांना वाटायचं गेटच्या आत पाऊल टाकलं की सरळ बीएसएल-४, सगळ्यात घातक विषाणूंची लॅब. तिथे प्रोजेक्टच्या पोरांना कोण सोडतंय! मी होतो डासांच्या खोलीत. उबदार, दमट, पुण्याच्या डिसेंबरात स्वर्ग. नरांना ग्लुकोज, माद्यांना रक्त, कारण अंडी घालायला त्यांना ते लागतं. एडिस डासाची अंडी ओल्या फिल्टर पेपरवर घ्यायची, वाळवली तरी महिनोन्महिने टिकतात. कागद पाण्यात टाकला की अळ्या. हे बघितल्यापासून मी गच्चीतल्या कुंडीखालच्या बशा नुसत्या ओतत नाही, घासतो. अंडी कडेला चिकटलेली असतात. सोसायटीत मला वेडा समजतात.

संस्था १९५२ची, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेली. शिमोग्याच्या जंगलात माकडं मरत होती, तेव्हा १९५७ला गोचिड्यांतून पसरणारा क्यासनूरचा विषाणू इथल्याच लोकांनी शोधला. जुने टेक्निशियन काका जेवणाच्या सुट्टीत गोचिड्या गोळा करायच्या मोहिमांचे किस्से सांगायचे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. मी थीसिसपेक्षा ते जास्त मन लावून ऐकले.

पैसे? शून्य. पीएमटीचा पास स्वतःचा.

गुरुवारची_लाईट

पैशांवरून. नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा) झालं तर २०२३पासून महिना ३७,००० मिळतात. इंटर्न आणि जेआरएफ एकाच बाकावर, एकच काम, एकाला पगार आणि दुसऱ्याला चहा. हे बोललं पाहिजे. "शिकायला मिळतंय ना" हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं त्यातलं कुणीही फुकट काम करत नव्हतं.

बाकी माझी आठवण म्हणजे नावातच आहे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार, पाणीपण बऱ्याचदा गुरुवारीच बंद. आमच्या छोट्या लॅबला जनरेटर नव्हता. त्यामुळे बुधवारी रात्री डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवणं, इन्क्युबेटरचं दार कुणी उघडू नये म्हणून चिकटपट्टी लावणं, सगळं इंटर्नकडे. प्रयोगाचं वेळापत्रक मी आजही बुधवार सोडून आखते, आता बंगलोरला आहे तरी!

मॅकॉन्कीगुलाबी

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. लघवीचे नमुने, थुंकी, जखमेतला पू. घरच्यांना सांगायची सोय नाही, जेवताना तर नाहीच. पण प्लेट वाचायला तिथेच शिकले. मॅकॉन्की अगारवर गुलाबी म्हणजे लॅक्टोज खाणारे, ई. कोलाय, क्लेबसिएला. रक्त घातलेल्या अगारवर प्लेटभर लाटा पसरल्या की प्रोटियस. स्युडोमोनासचा गोडसर, द्राक्षांसारखा वास. (मुद्दाम हुंगू नका, तो आपोआप येतो. आमच्या मॅडम हुंगणाऱ्याला बाहेर काढायच्या.)

जायचं असेल त्यांनी एक लक्षात ठेवा. नुसत्या एमएस्सीवर पॅथॉलॉजी लॅबवाले लवकर घेत नाहीत, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) विचारतात. आणि रिपोर्टवर सही डॉक्टरांची. मला त्याचं वाईट वाटायचं, नंतर वाटेनासं झालं, कारण सही करणाऱ्या मॅडमच मला बोलावून विचारायच्या, "तू बघितलीस ना प्लेट?"

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसची (हातपाय लुळे पडणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमची) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडल्याच्या बातम्या होत्या. त्याला वाढायला ४२ अंश लागतात आणि ऑक्सिजन कमी. एरवी तो कुणाला माहीत? त्या आठवड्यात सगळ्या आत्याबाईंचे फोन, पनीर खायचं का, बाहेरचं पाणी चालेल का. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं मी नक्की काय काम करते.

शनिवारपेठ_वेस्ट

मग पनीर खायचं का?

मॅकॉन्कीगुलाबी

शिजवून खा रे. पाणी उकळून.

मीआताबँकेत

मी एमएस्सी मायक्रो, प्रोजेक्ट केलं, मग बँकेची परीक्षा दिली. कुणी हळहळू नका, मजेत आहे. सहा महिने रोज जीवाणूंच्या वाढीची तीच रेघ काढल्यावर कळलं की मला उत्तर संध्याकाळपर्यंत हवं असतं, दोन वर्षांनी नको. इंटर्नशिपचा हाही उपयोग धरा की. पीएचडीला लागून चौथ्या वर्षी हे कळलं असतं तर?

चायनाग्रास

अगार म्हणजे आपलं चायना ग्रास, हे अजून कुणी कसं लिहिलं नाही? आधी रॉबर्ट कॉख या जीवाणूशास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये जिलेटिन वापरायचे, ते ३७ अंशांना पातळ व्हायचं. १८८१च्या सुमाराला फॅनी हेसे यांनी तिथे काम करणाऱ्या नवऱ्याला अगार सुचवला, स्वयंपाकात माहीत होता म्हणून. नाव मात्र पुस्तकात शोधावं लागतं.
आणि पोरांनो, वितळलेल्या अगारचा फ्लास्क हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा. सोसवला की ओता. जास्त गरम ओतला तर झाकणाला घाम येतो, कॉलनी वाहून जातात.

टीवायची_आई

सगळ्यांचे आभार. फी नाही भरत. लेकीला धागा पाठवला, ती म्हणते मामांना उद्याच विचारते. लॅब कोट घ्यायचाय, कुठला घेऊ? ऑनलाइन स्वस्त दिसतात.

तिसरी_शिफ्ट

ऑनलाइनचे बरेचसे पॉलिस्टर. बर्नरजवळ नको, वितळून अंगाला चिकटतं. जाड सुती घ्या, पूर्ण बाहीचा, मनगटाशी घट्ट. एक माप मोठा, आटतो.

आजची_भाजी

आणि त्या जांभळ्या क्रिस्टल व्हायोलेटचा डाग पडला तर?

मंडईची_माती

निघत नाही गं. लगेच स्पिरिट लावलंस तर थोडा फिका होतो. दोन कोट घ्या, एक व्हायवाला ठेवा. लोणचं टाकलंस का?